पावसाळ्यात ड्रायर बंद पडला तर

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

भाकरी थापत असाल, गोठा आवरत असाल, जिथं असाल तिथून ऐका. मी बचत गटांची समन्वयक. एरवी या कार्यक्रमात मी कर्ज, परतफेड, गटाचं दप्तर यावर बोलते. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण तोही गटाच्या बैठकीतूनच आलाय. आज बोलायचंय वॉशिंग मशीनच्या ड्रायरबद्दल.

जुलैमध्ये एका गटाच्या बैठकीत एका वहिनींनी अंतर्गत कर्ज मागितलं, २,८०० रुपये. कारण विचारलं तर म्हणाल्या, मशीनचा ड्रायर फिरत नाही, मेकॅनिक म्हणतो मोटर जळली, नवी टाकायला लागेल. लगेच दोघीतिघींनी नाकं मुरडली. मशीन म्हणजे चैन, चैनीला गटाचे पैसे कशाला? शेळीला द्या, शिलाई मशीनला द्या. वहिनी काही बोलल्या नाहीत, मान खाली घालून बसल्या. त्यांच्या घरात सात माणसं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि दहा महिन्यांचं बाळ. बाहेर पाऊस असा की चार दिवस उन्हाची तिरीप नाही. ठराव पुढच्या बैठकीवर गेला. मधल्या आठवड्यात कळलं की मोटर जळलेली नव्हतीच. काय झालं होतं, ते ओघात सांगते.

आधी त्या चैनीचं बोलूया. आपल्या कोकणात पावसाळ्याचे कपडे म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पडवीत वलणीवर तीन तीन दिवस लोंबकळतात, आणि तरी हाताला ओलेच लागतात. वास वेगळाच. आपल्या आयांनी चुलीच्या वर काठ्या बांधून कपडे सुकवले, शेगडीवर टोपली पालथी घालून बाळाची दुपटी सुकवली, घरभर धूर आणि दुपट्यालाही धुराचा वास. पाळीचे कपडे तर कुठल्या तरी कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली दडवून. ते ओलसरच पुन्हा वापरले की खाज, पुरळ, जंतुसंसर्ग हे ठरलेलं. ड्रायरमधून काढलेला कपडा पंख्याखाली काही तासांत सुकतो, वरून इस्त्री फिरवता येते. लावणीवरून कंबर मोडून आल्यावर ओली चादर हातानं पिळायची म्हणजे काय, ते पिळणारीलाच ठाऊक. त्यामुळे मला विचाराल तर त्या २,८०० रुपयांना मी चैन म्हणणार नाही. खरोखर मोटर गेली असती तरी मी त्या कर्जाच्या बाजूनं बोलले असते.

आता ड्रायर म्हणजे कोणता ते सांगते, कारण नावाचा घोळ आहे. ज्यांच्या लेकी परदेशात आहेत त्यांनी व्हिडिओ कॉलवर एक वेगळं यंत्र पाहिलं असेल. त्यात गरम हवेवर कपडे गोल गोल फिरतात आणि अगदी कोरडे होऊन, ऊबदार बाहेर येतात. त्याला तिकडं टंबल ड्रायर म्हणतात. तो नीट सुकवेनासा झाला की सगळ्यात आधी त्याची जाळी बघायची. कपड्यांचा निघालेला कापूस, लव त्या जाळीत साठते आणि हवा अडते. ती दर वेळी काढायची असते, नाहीतर तापून आग लागू शकते. तुमची लेक तिकडं असेल तर तिला एवढं विचारा, की जाळी साफ करतेस ना? आपल्याकडचा ड्रायर तसा नाही. आपल्या दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला जो लहान गोल टब असतो, त्यालाच आपण ड्रायर म्हणतो. तो गरम होत नाही. तो कपडे जोरात गरगर फिरवतो आणि पाणी भोकांतून बाहेर फेकतो, म्हणजे खरं तर पिळून देतो. मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेतो तो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं हाताचा विषय येणार आहे.

या मशीनला दोन मोटरी असतात. एक धुण्याच्या टबाची, एक ड्रायरची. ड्रायरची मोटर बरोबर त्या टबाच्या खाली असते आणि मधल्या दांड्यानं टबाला जोडलेली असते. मोटरजवळ एक ब्रेक असतो. त्याची तार वर झाकणापर्यंत येते. झाकण उघडलं की ब्रेक लागतो आणि झाकणाखालचं एक छोटं बटण सुटून वीजही तुटते. शिवाय कॅपॅसिटर नावाची एक डबी असते, पंख्याला असते तशीच, ती मोटरला सुरुवातीचा झटका देते. बहुतेक मशीनमध्ये दोन्ही मोटरींना मिळून एकच डबी असते. एवढं कळलं तरी मेकॅनिकशी बोलायला पुरे.

पण मेकॅनिक आपल्याशी बोलतो कुठं? तो येतो आणि विचारतो, घरात पुरुषमाणूस कोण आहे? मग तो भावोजींशी बोलतो, ज्यांनी त्या मशीनचं झाकणही कधी उघडलेलं नसतं. रोज मशीन लावणारी बाई दारामागं उभी. अहो, बंद पडायच्या आधी मशीन कसं वाजत होतं, वास आला होता का, टब हळू फिरत होता की फिरतच नव्हता, हे तिलाच माहीत! आणि निम्मा शोध त्यातच असतो. म्हणून ड्रायर अडला की घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे बटणं पुन्हा पुन्हा पिरगाळू नका. कान लावा.

एक तर काहीच आवाज येणार नाही, नाहीतर नुसता हुंऽऽऽ असा गुरगुरल्यासारखा आवाज येईल आणि टब हलणार नाही. या दोन गोष्टी अगदी निराळ्या आहेत.

हुंऽऽऽ आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. मोटरला वीज मिळतेय, पण तिला फिरता येत नाहीये. अशी अडकून राहिली तर ती तापते आणि खरंच जळते. म्हणजे आजार शंभराचा असतो आणि आपण पुन्हा पुन्हा सुरू करून तो हजारांचा करतो. बंद करायचं, प्लग काढायचा, आणि मग विचार करायचा.

पहिला विचार विजेचा. संध्याकाळी सगळ्यांचे पंप, टीव्ही, मिक्सर लागले की आपल्याकडं दाब पडतो. २३० व्होल्टच्या जागी कितीतरी कमी येतात. पंखा मरगळल्यासारखा फिरतोय का, बल्ब पिवळा दिसतोय का बघा. तसं असेल तर मशीनचा दोष नाही, सकाळी लावा. पातळ वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर मशीन लावलं असेल तरी हेच होतं, आणि वर ती वायर गरम होते ते वेगळंच. मशीन थेट भिंतीतल्या मोठ्या सॉकेटला लावावं.

दुसरं, पाण्याचा पाइप. हे इतकं साधं आहे की कुणी बघतच नाही. मशीनचा बाहेर जाणारा पाइप आपण धुताना वर अडकवून ठेवतो आणि खाली सोडायला विसरतो. किंवा पाइप मोरीच्या उंबऱ्यावरून वर चढवून नेलेला असतो. किंवा आत केस, धागे, साबणाचा गाळ साचलेला असतो. मग ड्रायरनं फेकलेलं पाणी जाणार कुठं? ते बाहेरच्या टबात साठतं आणि फिरणारा टब पाण्यात रुतल्यासारखा होतो. पाइप जमिनीवर सरळ, उताराला सोडा. तोंड गटारात बुडलेलं नको. एवढ्यानं कितीतरी ड्रायर पुन्हा फिरायला लागतात, फुकटात.

तिसरं म्हणजे टबाखाली कपडा जाणं. आणि हीच त्या वहिनींची गोष्ट. त्यांना मी फोनवर विचारलं, आवाज येतो का? म्हणाल्या, हुं करतं आणि थांबतं. जळका वास? नाही आला. धुण्याचा टब फिरतो? हो, मस्त फिरतो. म्हणजे घरातली वीज ठीक होती. मोटर जळली असती तर बहुधा वास आला असता, आणि पुष्कळदा ती आवाजच करत नाही. मग म्हटलं, प्लग काढा, बॅटरी लावा आणि फिरणारा टब आणि बाहेरचा टब यांच्या मधल्या फटीत बघा. त्यांना एक पांढरी नाडी दिसली. बाळाचं टोपडं! ते वरून उडून फटीत गेलं होतं आणि खाली दांड्याला गुंडाळलं होतं. शेजारच्या वाडीत आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेला एक मुलगा आहे. त्यानं टबाचे बोल्ट सोडून तो उचलला, टोपडं काढलं आणि ३०० रुपये घेतले. पहिला मेकॅनिक खोटं बोलला की त्यानं नीट पाहिलंच नाही, ते मला माहीत नाही. पण मशीन उघडल्याशिवायच त्यानं मोटर जळली म्हणून सांगितलं होतं, हे वहिनींनी स्वतः पाहिलं होतं. तेव्हा त्या बोलल्या नाहीत.

ड्रायरसोबत एक जाळीदार गोल चकती येते. ती कपड्यांवर दाबून बसवायची असते, मग वरचं झाकण. आपल्यापैकी किती जणींकडं ती चकती जागेवर आहे? बऱ्याच घरांत ती परसात कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यावर नाहीतर कुंडीखाली सापडते! ती चकती असेल तर रुमाल, मोजे, टोपडी उडून फटीत जात नाहीत. हरवली असेल तर आपल्या मॉडेलची नवी मागवा, महाग नसते. फटीत कपडा दिसला आणि टोक हाताला लागलं तर हळूहळू ओढून बघा. नाही आला तर सोडून द्या. तारेचा आकडा, कोयतीचं टोक, सळई असलं काही घालू नका. टबाच्या तळाशी रबराचं सील असतं. ते फाटलं की पाणी थेट मोटरवर गळतं, आणि मग मात्र मोटर नक्की जाते.

वीज ठीक, पाइप मोकळा, फटीत काही नाही, आणि तरी हुं करतं, तर कॅपॅसिटर गेला असण्याची शक्यता मोठी. धुण्याचा टबही असाच गुरगुरून अडत असेल तर शक्यता आणखी वाढते, कारण डबी दोघांची एकच. ही डबी शे-दोनशे रुपयांची वस्तू आहे. पण ती आपण बदलायची नाही, आणि हे मी मुद्दाम जोर देऊन सांगते. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहिलेली असू शकते. उघडून हात लावला तर झटका बसतो. मागचं पत्रा नाहीतर प्लास्टिकचं झाकण स्क्रूनं बसवलेलं असतं. आपली हद्द त्या स्क्रूपर्यंत. आत जे आहे ते जाणकाराचं. आपण फक्त त्याला म्हणायचं, आधी कॅपॅसिटर तपासा आणि मग मोटरचं बोला.

आता काहीच आवाज येत नसेल तर. धुण्याचा टब फिरतोय का बघा. तोही गप्प असेल तर सॉकेट, प्लग, फ्यूज बघायला लागेल. सॉकेटला दुसरं काही लावून पाहा. धुण्याचा टब चालतो आणि ड्रायरच गप्प आहे, तर आधी झाकण. मघाशी म्हटलं ना, झाकणाखाली एक बटण असतं. झाकण वाकलं, बिजागरी तुटली, वर साबणाचा डबा नाहीतर बादली ठेवून ठेवून ते दबलं, की ते बटण नीट दाबलं जात नाही. कोरड्या हातानं, पायात रबरी चप्पल घालून, टायमर लावून झाकणाचा मागचा कोपरा जरा दाबून बघा. सुरू झालं तर दोष झाकणाचा किंवा बटणाचा आहे, मोटर ठणठणीत आहे.

इथं एका गोष्टीनं फसायला होतं. ड्रायरचा टायमर टिकटिक करतो, म्हणून आपल्याला वाटतं वीज येतेय. तसं नाही. तो टायमर घड्याळासारखा चावीचा असतो, लाईट गेलेली असली तरी टिकटिकतो. खात्री नसेल तर प्लग काढून फिरवून बघा.

झाकणाचं बटण बिघडलं की काही मेकॅनिक एक शॉर्टकट सांगतात. ‘ताई, डायरेक्ट करून देतो, बटणाची भानगडच नको.’ पन्नास रुपयांत काम होतं. करू देऊ नका. डायरेक्ट केलं की झाकण उघडं असतानाही ड्रायर फिरतो. शेजारच्या गावात एका ताईंच्या घरी असंच करून दिलं होतं. टब थांबत आलाय असं समजून त्यांनी ओढणी काढायला हात घातला. ओढणीचा पीळ हाताला बसला आणि दोन बोटांची हाडं मोडली. ऐन लावणीत. त्या रोजंदारीवर जातात. प्लास्टर निघेपर्यंत लावणी संपली होती. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी तर ही गोष्ट आजच तपासावी. झाकण उघडल्यावर टब काही सेकंदांत थांबलाच पाहिजे. बराच वेळ गरगर फिरत राहिला तर ब्रेक झिजलाय, तो दुरुस्त होईपर्यंत ड्रायर वापरू नका. आणि थांबल्याशिवाय हात घालायचा नाही, कितीही घाई असो.

ब्रेकवरून आठवलं. पुष्कळ जणी म्हणतात, झाकण उघडून टब हातानं फिरवला तर जाम लागतो, म्हणजे बिघडलाच. तसं नव्हे. झाकण उघडं असताना ब्रेक लागलेला असतो, त्यामुळे तो जड लागणारच. उलट उघड्या झाकणानं तो अगदी सैल फिरला तर काळजी करा.

तिसरा प्रकार म्हणजे ड्रायर फिरतो, पण मशीन नाचतं. धाड धाड आपटतं, मोरीभर चालत जातं. नव्वद टक्के वेळा, हा माझा अंदाज हं, कुठला सर्व्हे नाही, तर बहुतेक वेळा कपडे एका बाजूला कोंबलेले असतात. जड कपडे तळाशी, सगळीकडून सारखे, हातानं दाबून, वर चकती. धुण्याच्या टबात जेवढे मावतात तेवढे ड्रायरमध्ये एका वेळी मावत नाहीत, दोनदा लावा. एकटीच जाडजूड चादर असेल तर सोबत टॉवेल घालून तोल सांभाळा. गोधडी नकोच. आणि पावसाळ्यातलं खास: रेनकोट, प्लास्टिकची इरली, ताडपत्रीचे तुकडे ड्रायरमध्ये टाकू नका. त्यातून पाणी बाहेर जात नाही, आत पिशवीसारखं साठतं आणि वेग आल्यावर टब असा उसळतो की मशीन फुटतं. तसंच ज्या फडक्यानं पेट्रोल नाहीतर रॉकेल पुसलंय, ग्रासकटर पुसलाय, ते मशीनमध्ये घालायचं नाही. पेट घेऊ शकतं.

कपडे सारखे ठेवूनही नाचत असेल तर खालची जमीन बघा. मोरीला उतार असतो, मशीनचा एक पाय अधांतरी राहतो. मशीनच्या दोन कोपऱ्यांवर हात ठेवून डुलवलं की कळतं. फरशीचा तुकडा, जाड रबर असं काहीतरी पक्कं खाली द्या, चिंध्या नकोत. तरीही आपटत असेल तर मोटरखालच्या स्प्रिंगा तुटल्या असतील, ते काम मेकॅनिकचं. घर्र घर्र असा लोखंड घासल्याचा आवाज येत असेल किंवा मशीनखाली पाणी दिसत असेल, तर उशीर करू नका. सील गेलंय, पाणी खाली उतरतंय. आज दुरुस्ती स्वस्तात होईल, महिन्याभरानं नाही.

उंदरांचं सांगायचं राहिलंच होतं. पावसात शेतात पाणी भरलं की ते घरात येतात, आणि मशीनचा तळ उघडा असतो. आत ऊब, साबणाचा वास, कुरतडायला वायरी. तळाला बसवायची जाळी मिळते, ती पक्की बसवून घ्या. कुरतडलेली वायर दिसली तर चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून शेवटाकडं ठेवलंय. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ‘थोडासा येतो करंट, सवय झालीय’ असं म्हणणाऱ्या बायका मला भेटल्यात. सवय कसली? ओली फरशी, ओले हात, अनवाणी पाय. आज झिणझिण्या, उद्या जीव. प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. आपल्याकडं बऱ्याच घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकाला मागून वायरच जोडलेली नसते. ती वायर अर्थिंगची. मशीनमध्ये वीज गळली तर ती तुमच्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून ती असते. तीन पिनांची जाड पिन कापून दोन पिनांच्या भोकात प्लग घालायचा प्रकार तर अगदी बंद करा. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर अर्थिंग लागणं आणखी कठीण. उन्हाळ्यात जमीन सुकली की ते कमकुवत होतं, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरतात आणि अधूनमधून पाणी घालतात. आगोटीची कामं करताना पापड-मसाल्याबरोबर हेही एकदा तपासून घ्या. शिवाय वीज गळली की क्षणात लाईन तोडणारं एक उपकरण येतं, वायरमन त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. घरासाठी ३० मिलिअँपिअरचं मागायचं. मशीनच्या दुरुस्तीला कर्ज द्यावं की नाही यावर गटात वाद होऊ दे, पण या उपकरणाला कुणी कर्ज मागितलं तर वाद नको असं माझं मत आहे.

मेकॅनिक बोलावल्यावर काय करायचं, तेही सांगते. आधी बिल शोधा. मशीन नवं असेल तर वॉरंटी असते, आणि बऱ्याच कंपन्या मोटरला बाकी मशीनपेक्षा जास्त वर्षांची वॉरंटी देतात. म्हणजे मोटर खरंच जळली असली तरी ती फुकट मिळू शकते, आणि आपण बाहेरच्या माणसाला पैसे मोजून बसतो. बिल फिकं पडतं, त्याची झेरॉक्स गटाच्या पासबुकासोबत ठेवा. काम सुरू व्हायच्या आधी यायचे किती, पार्टचे किती हे विचारा. मशीन उघडताना समोर उभ्या राहा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या, तो तुमचा आहे. पैसे दिल्यावर कागदावर लिहून घ्या काय बदललं, कधी. वॉरंटीत असूनही कंपनी किंवा दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथं तक्रार नोंदवता येते. एक नऊ एक पाच, लिहून घ्या.

आणि त्या मेकॅनिकनं भावोजींकडं पाहून विचारलं, काय झालंय मशीनला, तर उत्तर तुम्ही द्या. ‘परवापासून हुं करतंय, वास येत नाही, धुण्याची बाजू चालतेय, पाइप मी बघितला.’ वहिनी आता अशाच बोलतात. मागच्या महिन्यात शेजारणीच्या मशीनसाठी त्याच मेकॅनिकसमोर उभ्या राहून त्यांनी सांगितलं, की आधी कॅपॅसिटर बघा. कॅपॅसिटरच गेला होता.

त्या गटानं एक चांगलं काम केलंय. आपल्या पंचक्रोशीतल्या तीन मेकॅनिकांचे आणि दोन वायरमनचे नंबर, कुणी कोणत्या कामाचे किती घेतले, हे गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात केलीय. आयटीआयच्या त्या मुलाला दिवाळीआधी एका रविवारी बोलावलंय. तो एक जुनं मशीन उघडून सगळ्या बायकांना आतले भाग दाखवणार आहे. ज्या गटांना असं करायचंय त्यांनी आपल्या रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा, मी त्याच्याशी बोलते. आणि ज्यांच्या ड्रायरची ती जाळीची चकती कोंबड्यांच्या भांड्यावर आहे, त्यांनी आधी ती धुऊन जागेवर बसवा. पुढच्या भागात गटाच्या दप्तराचं ऑडिट.